तिचे पाय सरळ होते

भयकादंबरी लिहितेय असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: "तुझा भुतांवर विश्वास आहे का?"

ऑफिसात विचारतात, लग्नात भेटलेल्या काकू विचारतात, घरमालकांनीही विचारून झालं. (त्यांना बहुधा भाडेकरू म्हणून माझी काळजी वाटली असावी.) उत्तर सोपं आहे. नाही. माझा भुतांवर विश्वास नाही. अंधाऱ्या जिन्यावरून मी फोनचा टॉर्च लावून भराभर उतरते, ही गोष्ट वेगळी.

पण कादंबरी लिहिताना मला एक अवघड प्रश्न पडला, आणि तो मला कुणीच विचारत नाही. भूत खरं की खोटं, हे बाजूला ठेवू. मी वाचकाला कुणाची भीती घालते आहे? आणि तशी भीती घालायचा मला अधिकार आहे का?

हा प्रश्न माझा मला सुचलेला नाही. तो माझ्या आजीने माझ्यापुढे ठेवला, तोही एका साध्या वाक्यातून.

*

आधी थोडं लिहिण्याबद्दल. मी पुण्यात एका आरोग्यविमा कंपनीत काम करते, क्लेमच्या विभागात. दिवसभर इतरांच्या दवाखान्याचे कागद वाचायचे, काय बसतं आणि काय बसत नाही ते बघायचं. लिहायला मिळते ती सकाळ, पाच ते सात. रूममेट झोपलेली असते म्हणून स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, सिलिंडरशेजारी स्टूल टाकून. लॅपटॉप बिघडला होता तेव्हा तीन प्रकरणं फोनवर टाइप केली. ज्यांनी फोनवर कादंबरी लिहिली आहे त्यांना अंगठा दुखतो म्हणजे काय ते माहीत असेल.

पैशाचं गणितही सांगून टाकते, कारण नव्या लेखकांना ते कुणी सांगत नाही. माझ्या पुस्तकाची पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची. किंमत तीनशे रुपये, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर मला पंधरा हजार मिळतील. दोन वर्षांचे. म्हणजे पैशासाठी कुणी हे करत नाही.

मग का करतं? मी सातवी-आठवीत असताना कराडच्या एका लायब्ररीतून नारायण धारपांची पुस्तकं आणायचे. पानं निखळलेली, कडा तेलकट. धारपांच्या समर्थकथांमध्ये काहीतरी वाईट घरात शिरतं आणि एक जाणता माणूस येऊन त्याला हुसकावून लावतो. पुढे रत्नाकर मतकरी वाचले, तेव्हा कळलं की भीती नेहमी बाहेरूनच येते असं नाही. ती जेवणाच्या टेबलापाशी, आपल्याच माणसांत बसलेली असू शकते. त्या दोघांनी मला जे दिलं, ते मला कुणाला तरी द्यायचं होतं. रात्री पुस्तक मिटल्यावर पाय पांघरुणात ओढून घ्यायला लावणारी ती दोन मिनिटं.

गोष्ट माझ्याकडे तयारच होती. आजोळची. पाटण तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव, खाली ओढा, ओढ्याकाठी करंजाची झाडं. त्या ओढ्यावर एक बाई दिसते, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. हिरवं लुगडं, मोकळे केस, पाय उलटे. ती पोटुशी असतानाच मेली, म्हणून अळवंत झाली. तिन्हीसांजेला ओढ्यावर जायचं नाही. गेलंच तर मागून हाक आली तरी वळायचं नाही.

आम्हाला हेही माहीत होतं की ती बाई म्हणजे आजीची सख्खी थोरली बहीण. पण लहानपणी या माहितीचा कुठे त्रास होत नाही. उलट शाळेत भाव खाता येतो. आमच्या घरात भूत आहे, तुमच्या आहे का?

*

पहिला खर्डा झाला तेव्हा तो साडेतीनशे पानांचा होता. ओढ्यावरची अळवंत गावातल्या माणसांना एकेक करून ओढून नेते. शेवटी शहरातून आलेली नात तिला शांत करते. चाळीस पानांत पाच मृत्यू. मला वाटलं, जमलंय.

आईला दोन प्रकरणं वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे गं. पण एकदा आजीला वाच." मी दिवाळीत गेले तेव्हा वाचलं. आजी आता सत्त्याहत्तरची आहे. दिसतं कमी, ऐकू नीट येतं. ती पडवीत पाय पसरून कडवे वाल सोलत बसली होती. मी एकामागून एक तीन प्रकरणं वाचली. मध्ये ती काही बोलली नाही. ज्या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त खूश होते तिथे आले: कंदिलाच्या उजेडात चिखलात पावलं उमटलेली दिसतात, टाचा पुढे आणि बोटं मागे.

आजी थांबली. म्हणाली, "तिचं पाय सरळ व्हतं."

मला आधी कळलंच नाही.

"सरळ व्हतं गं. मीच हळद लावली की त्येस्नी. आई म्हनली, तू लाव, तुझा हात हलका हाय."

मग तिने मला ती रात्र सांगितली. साठ वर्षांत घरात कुणी तिला ती विचारली नव्हती. आम्हाला ओढ्यावरची बाई पाठ होती. त्या रात्री नेमकं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

१९६२ चा पावसाळा. थोरली एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. रीतीप्रमाणे सातव्यात माहेरी यायची, पण सासरी भाताची लावणी चालू होती. "लावणी उरकली की धाडतो," असा निरोप आला. लावणी लांबली, ओढ्यांना पाणी आलं, वाटा बंद झाल्या. मग माहेरच्यांनी चौदा वर्षांच्या धाकटीलाच सोबतीला पाठवून दिलं. ती धाकटी म्हणजे माझी आजी.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी. दिवेलागणीला सुईणीनं सांगितलं, बाळ आडवं आहे, पाटणला न्या. सासरा दारात उभा होता. तो म्हणाला, "पहिलटकरीण हाय, येळ लागतोच. सकाळी बघू."

पहाटे गाडी जुंपली. ओढा ओलांडायच्या आधीच ती गेली. बाळ जन्मलंच नाही.

तिला नेऊन परतताना वाटेवर राळे टाकले. एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला घरी परतता येऊ नये म्हणून. उंबऱ्याला खिळा ठोकला. ती परत येऊ नये याची अशी सगळी तजवीज झाली. महिन्याभरात ओढ्यावर कुणाला तरी ती दिसली.

"आता तूबी लिव्हलंस," आजी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने वालाची परात मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाली, "घाबरवायचंच हाय तर त्या रातीचं लिव्ह. तिला कशाला भ्यायचं? ती निजल्याली व्हती."

*

पुण्याला परतताना बसमध्ये मी आपल्याकडच्या भुतांची यादी केली. तुम्हीही करून बघा.

अळवंत, हडळ: गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेल्या बायका. मुंजा: मुंज झाली, पण लग्नाआधीच वारलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. खवीस म्हणजे कोण असं विचारलं तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळतं की परधर्मातला किंवा गावकुसाबाहेरचा मेलेला माणूस. जीव दिलेल्या बायकांची भुतं तर गावोगावच्या विहिरींवर आहेत.

यादी नीट वाचली की दिसतं, ही भुतांची यादी कमी आणि गावाने ज्यांना सांभाळलं नाही अशांची यादी जास्त आहे. अपवाद आहेत. पुरलेल्या धनावर बसलेला समंध स्वतःच्या हावेपायी तिथे अडकलेला असतो, त्याचं त्याने ओढवून घेतलेलं. पण बाकीच्यांनी काय केलं होतं? ते फक्त वेळेआधी मेले.

मग त्यांना भ्यायचं कशाला? मला वाटतं, भूत ही गावासाठी फार सोयीची गोष्ट आहे. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर भूत म्हणजे क्लोज केलेली फाइल. ओढ्यावर बाई दिसते असं ठरलं की सगळी चर्चा तिची होते. ती काय नेसते, कुणाला धरते, काय दिलं की सोडते. गाडी रात्री का जुंपली नाही, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही. जिच्या बाबतीत चूक झाली तिलाच गुन्हेगार करून टाकलं की काम संपलं. आणि मी काय केलं होतं? तीच फाइल साठ वर्षांनी पुन्हा उघडून, साडेतीनशे पानं जोडून, तोच शेरा मारून बंद केली होती.

तुम्ही म्हणाल, अगं, गोष्ट आहे ती. वाचणाऱ्याला कळतं. रोलर कोस्टरमध्ये बसणारा काही खरोखर पडत नसतो.

मीही स्वतःला हेच सांगत होते. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो सगळीकडे चालत नाही. स्टीफन किंगने रिचर्ड बाकमन या टोपणनावाने १९७७ मध्ये 'रेज' नावाची कादंबरी छापली होती. तिच्यात एक विद्यार्थी बंदूक घेऊन वर्गाला ओलीस धरतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका मुलाने शाळेत गोळीबार केला, आणि त्याच्या लॉकरमध्ये हे पुस्तक सापडलं. पुस्तकामुळे कुणी खुनी होतो असं किंग कधी म्हणाला नाही. तरीही त्याने प्रकाशकाला सांगून ते पुस्तक बाजारातून काढून घेतलं. कायद्याने त्याला कुणी तसं करायला लावलं नव्हतं. पेटलेल्या ठिकाणी आपल्या हातून तेल पडायला नको, एवढाच त्याचा हिशेब होता.

आता आपल्याकडे काय पेटलेलं आहे ते बघा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्याला जोडलेली अनुसूची एकदा वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने, साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं. अमका माणूस करणी करतो, त्याच्यामुळे गुरं दूध देत नाहीत, असं म्हणून त्याचं जगणं अवघड करणं. कुणी कल्पना करून बनवलेली ही यादी नाही. ही कृत्यं होत होती, म्हणून ती लिहावी लागली. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात.

माझी पाचशे प्रतींची कादंबरी वाचून कुणी कुणाला मिरचीची धुरी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण जिची चूक नाही तिलाच भ्या, ही सवय एका पुस्तकाने लागत नाही. ती लागते आजीच्या गोष्टीतून, सिनेमातून, रात्रीच्या मालिकेतून, रीलमधून, आणि माझ्यासारख्या नव्या लेखिकेच्या पहिल्या पुस्तकातून. थोडी थोडी.

*

यावर एक तयार तोडगा असतो. तो मला माझ्या लेखक मित्रांनीही सुचवला. शेवटी फ्लॅशबॅक टाक. तिच्यावर अन्याय झाला होता हे दाखव. वाचक रडतो, भूत मुक्त होतं, सगळे खूश.

मी ते करून पाहिलं आणि मला ते खोटं वाटलं. कारण प्रमाण बघा. तीनशे पानं वाचक तिला भितो, तिच्या पैंजणांच्या आवाजाने दचकतो, ती मरावी असं त्याला वाटतं. मग दहा पानं त्याला तिची दया येते. पुस्तक मिटल्यावर त्याच्या अंगावर काय राहतं? पैंजण. ती दहा पानं म्हणजे माझ्या मनाची सफाई असते. वाचकाला त्यातून काही मिळत नाही, आणि त्या बाईला तर नाहीच.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी सगळंच उलटं केलं. भूत काढून टाकलं. भीती आणली सासऱ्याकडून. मिशा, कंदील, दारात उभी आडवी सावली, "सकाळी बघू" म्हणणारा थंड आवाज. लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू. आपण न्याय करतो आहोत असं वाटलं की लिखाण फार वेगात होतं.

आईने कौतुकाने त्याची पीडीएफ आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. (आयांना फॉरवर्डचं बटण कुणी शिकवलं?) तिथून ती तिसऱ्या दिवशी त्या घरी पोहोचली. थोरलीच्या नवऱ्याने पुढे दुसरं लग्न केलं होतं. त्यांचा मुलगा म्हणजे नात्याने माझा लांबचा मामा. त्याचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"बाळा, तू आमच्या आज्ज्याला राक्षस केलास."

मी काहीतरी बोलायला गेले. मामा म्हणाला, "माझं ऐकून घे आधी. त्या रात्री ओढ्याला किती पाणी होतं, कुणी सांगितलं तुला? अंधारात गाडी घातली असती तर बैल, गडी, ती, समदीच गेली असती. किंवा नसती गेली. कुणाला ठाऊक? आज्ज्यालाबी ठाऊक नव्हतं. पण एक तुला कुणी सांगितलं नसंल. त्यानंतर आमच्या घरातली एकूण एक सून सातव्या महिन्यात माहेरी गेली. लावणी असो का काढणी. आज्जा स्वतः गाडी जुंपायचा. माझी आईपण तशीच गेली, म्हणून मी हाय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी होते. मामा खरं बोलत होता. आजीही खरं बोलली होती. मी मात्र दोनदा तेच केलं होतं. आधी एका मेलेल्या बाईला पुढे उभं करून वाचकाला तिची भीती घातली. मग एका मेलेल्या म्हाताऱ्याला पुढे उभं केलं. दोघांपैकी कुणीही उठून बोलणार नव्हतं. गावाला जशी अळवंत सोयीची होती, तसा मला राक्षस सोयीचा होता. त्याच्यावर सगळं ढकललं की माझा वाचक आरामात बसू शकत होता. मी असा नाही, माझे आजोबा असे नव्हते.

आणि हे म्हणत असताना त्याला भीती वाटत नाही. त्याला बरं वाटतं. म्हणजे भयकादंबरी म्हणूनही ते पुस्तक फसलं होतं.

*

या दिवसांत मी 'फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा वाचलं. भयसाहित्य शिकायचं तर इथूनच, असं सगळे म्हणतात म्हणून कॉलेजात एकदा वाचलं होतं. यावेळी मात्र लेखिकेकडे लक्ष गेलं.

मेरी शेली जन्मली १७९७ मध्ये. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. बायकांच्या हक्कांवर त्या काळात पुस्तक लिहिलेली बाई. लेकीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी ती बाळंतरोगाने गेली. मेरीचं स्वतःचं पहिलं मूल अपुऱ्या दिवसांचं होतं. १८१५ मध्ये ते काही दिवसांतच गेलं. नंतर तिने डायरीत लिहून ठेवलं आहे की स्वप्नात ते बाळ फक्त गारठलेलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर जिवंत झालं. पुढच्या वर्षी तिने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं, १८१८ मध्ये ते छापून आलं.

बाळंतपणात गेलेल्या बाईची मुलगी. जिचं बाळ गेलं ती बाई. आपल्याकडच्या हिशेबाने तिच्या घरात किती भुतं असायला हवी होती! तिने एकही लिहिलं नाही. तिने लिहिला एक हुशार तरुण. तो एक जीव घडवतो, त्या जिवाने डोळे उघडल्यावर घाबरून खोलीतून पळतो, आणि जाऊन बिछान्यावर पडतो. चक्क झोपतो. पुढची सगळी प्रेतं त्या पळण्यातून येतात.

तो राक्षस नाही. त्याचं घरच्यांवर प्रेम आहे, त्याला पश्चात्ताप होतो, तो आजारी पडतो. तो फक्त प्रत्येक वेळी उशीर करतो. बोलायचं तेव्हा बोलत नाही. वाचताना मला त्याची भीती वाटली, कारण त्याच्या जागी मी स्वतःला ठेवू शकत होते.

तेव्हा मला आजीचं वाक्य नव्याने ऐकू आलं. ती म्हणाली होती, त्या रातीचं लिव्ह. सासऱ्याचं लिव्ह असं ती म्हणालीच नव्हती. ते माझं मीच जोडलं होतं.

त्या रात्री त्या घरात एक वाक्य बोललं गेलं: सकाळी बघू. त्याआधी एक निरोप गेला होता: लावणी उरकली की धाडतो. दोन्ही वाक्यं साधी, समजूतदार, कुणीही बोलेल अशी. त्या वेळी बोलणाऱ्याकडे कारणंही होती. ओढ्याला पाणी होतं. भात लावायचं होतं. पाटणपर्यंत धड रस्ता नव्हता. त्याच तालुक्यात कोयनेचं एवढं मोठं धरण उभं राहत होतं, पण एका अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात नेण्याची सोय नव्हती. याला एकटा सासरा काय करणार? आणि तरीही, त्याने काहीतरी करायला हवं होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यांच्या मधल्या जागेत मला जी भीती सापडली ती उलट्या पायांत नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसले. समोर एक क्लेम होता. बाळंतपणानंतर रक्तस्राव, दुसऱ्या दवाखान्यात हलवलेलं, कागद अपुरे. अशा वेळी आम्ही 'पेंडिंग' म्हणून शेरा मारतो. नियमाने बरोबर आहे. मीही तो शेरा शेकड्याने मारला आहे, त्यामागे कुणाचं काय अडलं हे न बघता. आज परिस्थिती १९६२ सारखी नाही. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी आकड्यांनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. पूर्वीच्या मानाने हे फार कमी आहे. पण ते तेहेतीस आहेत. त्यातल्या प्रत्येकीच्या वाटेत कुणी ना कुणी म्हणालं असेल का, थोडं थांबू, सकाळी बघू? त्या दिवशी मी तो शेरा मारण्याआधी दवाखान्याला फोन केला. कागद मिळाले. यात मोठं काही नाही, हे माझं कामच आहे. पण कादंबरीचा तिसरा खर्डा त्या फोनपासून सुरू झाला, एवढं नक्की.

*

तिसऱ्या खर्ड्यात ओढा आहे, पाऊस आहे, आणि एक रात्र आहे. ती दोनशे दहा पानं चालते. घरातला प्रत्येक माणूस आळीपाळीने उठतो, दाराशी जातो, पाण्याचा अंदाज घेतो आणि परत येऊन बसतो. प्रत्येकाकडे कारण आहे. वाचकाला प्रत्येकाचं पटतं, आणि पटतं म्हणूनच त्याला घाम फुटावा, अशी माझी इच्छा आहे. जमलंय का ते तुम्ही सांगाल. प्रकरणं मामाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "आता आज्जा माणूस वाटतोय. पण सुटला न्हाय." यापेक्षा चांगला अभिप्राय मला मिळेल असं वाटत नाही.

नव्या भयलेखकांसाठी माझ्याकडे नियम वगैरे नाहीत. भुतं लिहू नका असंही मी म्हणणार नाही. मला स्वतःला पुढे एक चांगला, लोभी समंध लिहायचा आहे. फक्त लिहायला बसताना मी आता दोन गोष्टी तपासते. मी जिच्याकडे बोट दाखवून घाबरवते आहे, तिने खरंच काही केलं होतं का? आणि पुस्तक मिटल्यावर माझा वाचक स्वतःला सुरक्षित समजणार आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर मी अफवा पसरवते आहे. दुसऱ्याचं 'हो' आलं तर मी त्याला भीती दिलीच नाही, फक्त दुसऱ्या कुणावर तरी ढकलायची सोय करून दिली.

एवढं सगळं करून मी जिंकले का? नाही. मुखपृष्ठ ठरवायची वेळ आली. प्रकाशकांनी चित्र पाठवलं: चिखल, कंदील आणि उलटी पावलं. मी सांगितलं, पुस्तकात उलटी पावलं नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "ताई, पण बघणाऱ्याला हॉरर आहे हे कळायला नको का?" तीन फोन झाले. त्यांचंही चूक नव्हतं. पाचशे प्रती विकायच्या त्यांनाच होत्या. शेवटच्या फोनवर मी म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या आवृत्तीत बघू." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी काय बोलले ते.

पुस्तक आलं. पहिली प्रत घेऊन आजीकडे गेले. तिने ती डोळ्यांपाशी धरली, मग लांब धरली. मुखपृष्ठावर बोट फिरवलं. मी समजावून सांगायला लागले, की आत तसं नाहीये, आत मी तू सांगितलंस तेच लिहिलंय. तिने ऐकून घेतलं.

मग ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं त्याला कव्हर घातलं. कोपरे नीट दुमडले. कोरी बाजू वर ठेवली. माझ्या हातात पेन देऊन म्हणाली, "हितं तिचं नाव लिव्ह."

मी लिहिलं. ते नाव इथे सांगत नाही, घरातलं आहे. आजीने पुस्तक मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हं. आता वाच. पयल्यापास्नं."